ग्रीक नाटक ते शेक्सपिअर : मधली हजार वर्षं नाटक होतं कुठे?

तिसरी_घंटा | शनिवार, रात्री ९:४२

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमचा हौशी ग्रुप यंदा स्पर्धेत सोफोक्लीसचं ईडिपस करतोय. नट म्हणून मी कामाचा नाही (हे दिग्दर्शकाचं मत, माझं नाही), म्हणून स्मरणिकेतली दोन पानं माझ्या गळ्यात पडली. विषय, ग्रीक रंगभूमी ते शेक्सपिअर. मी एका बैठकीत लिहून टाकलं : "रोमन साम्राज्य कोसळलं, चर्चने नाटक बंद पाडलं, हजार वर्षं अंधार होता आणि मग रेनेसाँमध्ये नाटकाचा पुनर्जन्म झाला."

दिग्दर्शकाने त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "मग हजार वर्षं लोक संध्याकाळी करत काय होते?"

मला उत्तर येईना. अथेन्सचं सगळं पाठ आहे. मद्यदेव डायोनिससचा उत्सव, तीन नाटककारांची स्पर्धा, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि वर एक टवाळ सॅटिर नाटक. वृंदाचा (गाणाऱ्या-नाचणाऱ्या कोरसचा) खर्च एखाद्या पैसेवाल्या नागरिकाच्या माथी. एस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीसने तिसरा. तिकडचं शेक्सपिअर-ग्लोबही येतं. मधला पूलच सापडत नाही. मजकूर बुधवारी छापायला जातो.

---

फुटकळ | शनिवार, रात्री ९:५०

संध्याकाळी? सीरियल बघत असतील.

---

रंगपट | शनिवार, रात्री १०:३५

आधी दिग्दर्शकांचीच एक चूक. अथेन्समध्ये नाटक संध्याकाळचं नव्हतंच. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, उघड्यावर, सकाळपासून चालायचं. दिवे नाहीत, पडदा नाही, रात्रीचा प्रसंग असला तर "रात्र झाली" असं नटाने सांगायचं आणि लोकांनी मानायचं.

आता रोम. शाळेत आपण कलोसियमचं चित्र बघतो आणि रोमन लोक नाटक बघत नव्हते असं धरून चालतो. लिव्हियस अँड्रोनिकसने इ.स.पू. २४० मध्ये ग्रीक नाटकांवरून लॅटिन नाटकं करून दिली, तिथून पुढे प्लॉटस आणि टेरेन्स हे दोघं विनोदी नाटकात गाजले. सरसकट ग्रीक नाटकांची रूपांतरं. पण प्रेक्षक कसा होता बघा. टेरेन्सचं 'हेकिरा' नावाचं नाटक इ.स.पू. १६५ मध्ये लागलं. नाटक चालू असताना दोरीवरचा डोंबारी आणि मुष्टियुद्धवाले आल्याची बातमी पसरली, प्रयोग बोंबलला. पाच वर्षांनी पुन्हा लावलं, तर ग्लॅडिएटर येणार म्हणून हूल उठली आणि लोक जागेसाठी मारामारी करत आत घुसले. तिसऱ्या खेपेला कसंबसं पार पडलं. हे सगळं टेरेन्सने त्याच नाटकाच्या नांदीत घालून ठेवलंय, रडगाण्यासकट.

आणि दगडी कायमचं नाट्यगृह रोममध्ये इ.स.पू. ५५ पर्यंत नव्हतं, लाकडी मांडव घालायचे आणि काढायचे. जुन्या मंडळींना वाटायचं की बसायला जागा दिली की माणूस बिघडतो. सेनापती पाँपीने बांधलं तेव्हा प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या माथ्यावर व्हीनसचं देऊळ ठेवलं, म्हणजे म्हणायला या देवळाच्याच पायऱ्या.

---

चिंचगूळ | शनिवार, रात्री १०:४१

'हेकिरा' म्हणजे काय ते आत्ता शोधलं. सासू.

'सासू' नावाचं नाटक पडलं? आपल्याकडे शंभर प्रयोग कुठेच गेले नसते.

---

सदाशिवपेठी | शनिवार, रात्री १०:५८

देवळाच्या पायऱ्या दाखवून बांधकाम पास करून घेणं ही विद्या दोन हजार वर्षं जुनी आहे हे वाचून बरं वाटलं.

बाकी 'ईडिपस' हा इंग्रजी वळणाचा उच्चार. पुलंनी 'राजा ओयदिपौस' केलं ते उगीच नाही.

---

तिसरी_घंटा | शनिवार, रात्री ११:०५

पोस्टर छापून झालंय हो. कृपया आता नाव बदलायला सांगू नका.

---

ओसरी | रविवार, सकाळी ७:१५

रंगपट, एक पुरवणी जोडते. चर्चने बंद पाडलं हे पूर्ण खोटं नाही. टर्टुलियन वगैरे धर्मपंडित नाटकावर तुटून पडले होतेच, नटाला बाप्तिस्मा हवा तर आधी धंदा सोड अशी अट असायची. रोमन कायद्यातही नटाची पत खालचीच. पण बंद? सहाव्या शतकातली बायझंटाइन सम्राज्ञी थिओडोरा मूळची रंगमंचावरची नटी. जस्टिनियनला तिच्याशी लग्न करता यावं म्हणून कायद्यात बदल करावा लागला. धंदाच बंद असता तर ती आली कुठून? बंद पडलं ते मोठं, लिखित, सरकारी खर्चाचं नाटक. सोंगाडे, डोंबारी, नकलाकार कधीच थांबले नाहीत. आपल्याकडच्या बहुरूप्याचा इतिहास तरी कोणी लिहून ठेवलाय?

---

उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी ८:०२

सगळे पाश्चात्त्य चष्म्यातून बघताय. नाट्यशास्त्र आपलं, ग्रीकांनी आपल्याकडून उचललं. कोणी बोलणार नाही.

---

रंगपट | रविवार, सकाळी ९:२०

@उंटावरचा_शहाणा, बोलतो की. एस्किलसचं 'पर्शियन्स' इ.स.पू. ४७२ चं, नाट्यशास्त्राचा काळ साधारण इसवी सनाच्या आगेमागे धरतात. उचलायला वस्तू आधी असावी लागते. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात काही जर्मन पंडितांनी नेमकं उलटं म्हटलं होतं, की संस्कृत नाटक ग्रीकांकडून आलं. पुरावा काय, तर पडद्याला 'यवनिका' म्हणतात आणि यवन म्हणजे ग्रीक. पण ग्रीक नाटकात तसा पडदाच नव्हता! सिल्व्हाँ लेव्हीने १८९० मध्ये तो डोलारा मोडला. दोन्ही बाजूंनी हट्ट सारखाच.

संबंध मुळीच नव्हता असंही नाही. अफगाणिस्तानात ऐ-खानुमला ग्रीक थिएटर उत्खननात सापडलं, हजारो माणसं बसतील असं. म्हणजे हिंदुकुशाच्या पायथ्याशी कोणीतरी ग्रीक नाटकं बघत होतं. आणि इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यात एक पपायरस मिळाला, दुसऱ्या शतकातला. त्यात एक ग्रीक प्रहसन आहे. खॅरिटिऑन नावाची ग्रीक मुलगी भारताच्या किनाऱ्यावर अडकलीय, तिचे लोक इथल्या राजाला निर्भेळ दारू पाजून झिंगवतात आणि तिला घेऊन पळतात. त्यातला राजा आणि त्याची माणसं जी भाषा बोलतात ती ग्रीक नाही. हुल्ट्श नावाच्या अभ्यासकाने १९०४ मध्ये म्हटलं की ती कन्नड आहे. सगळ्यांना पटलेलं नाही.

---

फुटकळ | रविवार, सकाळी ९:२४

म्हणजे सीमाप्रश्न इजिप्तपर्यंत गेलाय.

---

संपादक | रविवार, सकाळी ९:४०

सीमाप्रश्न, वेद आणि यवनिका यांच्यासाठी वेगळा धागा काढावा. धागाकर्त्याला बुधवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

---

दर्यावर्दी | रविवार, दुपारी २:१०

मी उत्तर इंग्लंडात राहतो, यॉर्क इथून जवळ. त्या 'हजार वर्षां'चं उत्तर तिथल्या रस्त्यावर आहे.

नाटक परत आलं ते चर्चच्याच दारातून. दहाव्या शतकात ईस्टरच्या प्रार्थनेत चार ओळींचा संवाद घुसला. थडग्यापाशी आलेल्या स्त्रियांना देवदूत विचारतो, "कोणाला शोधताय?" विंचेस्टरच्या बिशपने ९७० च्या सुमारास हे कसं करायचं याच्या सूचना लिहिल्यात. एकाने पांढरा झगा घालून गुपचूप थडग्यापाशी जाऊन बसायचं, मग तिघांनी काहीतरी शोधत असल्यासारखं हळूहळू यायचं. या सरळसरळ ब्लॉकिंगच्या, म्हणजे नटाने कुठे कसं हलायचं याच्या सूचना आहेत!

पुढे हे चर्चबाहेर, गावात आलं. यॉर्कमध्ये जूनच्या कॉर्पस ख्रिस्तीच्या सणाला पहाटे साडेचारला सुरू करून जगाच्या उत्पत्तीपासून कयामतीपर्यंत सगळं बायबल चाकांच्या रथांवर खेळायचे. जवळजवळ पन्नास छोटी नाटकं, प्रत्येक रथ ठरलेल्या नाक्यांवर थांबत शहरभर फिरणार. पहिली नोंद १३७६ ची आणि ती कसली, तर रथ ठेवायच्या जागेच्या भाड्याची. आणि नाटकं कोणाची? व्यावसायिक श्रेणींची, म्हणजे ज्या त्या धंद्याच्या संघाची. नोहाची नौका बांधायची जहाज बांधणाऱ्यांनी. शेवटचं भोजन बेकरीवाल्यांकडे. येशूचा मृत्यू खाटकांकडे. क्रूसावर खिळे ठोकण्याचा प्रवेश खिळे बनवणाऱ्यांकडे.

हा शेवटचा मी रस्त्यावर उभं राहून पाहिलाय, आजही तिथे अधूनमधून रथांवर करतात. चार शिपाई येशूला क्रूसावर आडवा करून कामाला लागतात आणि भोकं चुकीच्या जागी पाडलेली निघतात. हात पोचेना. मग "दोरी लाव, ओढ" सुरू. पुढे क्रूस उचलताना एकाचा खांदा धरतो, खाली रोवल्यावर खाच सैल निघते म्हणून पाचरी मारतात. शेवटपर्यंत बोलणं फक्त कामाचं, कुरकुरीचं. येशू मधे दोनदाच बोलतो. माझ्या शेजारचा माणूस सुरुवातीला हसत होता, मग हळूहळू गप्प झाला. हे लिहिणाऱ्याचं नावही कोणाला माहीत नाही.

---

ओसरी | रविवार, दुपारी २:३३

याला अंधार म्हणायचं!

आणि एक बाई राहिलीच. त्याच दहाव्या शतकात जर्मनीत गांडर्सहाइमच्या मठात ह्रोत्स्विथा नावाची स्त्री होती. टेरेन्स मठांत लॅटिन शिकायला वाचायचे (भाषा उत्तम, मजकूर चावट). तिने ठरवलं, असंच पण पवित्र लिहायचं, आणि सहा नाटकं लिहिली. त्यात एक दुष्ट अधिकारी तीन कुमारिकांच्या मागे स्वयंपाकघरात शिरतो, त्याला भ्रम होतो आणि तो काळ्या भांड्यांनाच मिठ्या मारत बसतो. बाहेर येतो तेव्हा तोंड काजळीने माखलेलं. लोक त्याला सैतान समजून हाकलतात.

---

माहेरवाशीण | रविवार, दुपारी ३:०५

कोकणातला दशावतार डोळ्यांसमोर आला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, देवळासमोर, पहाटेपर्यंत. राक्षस प्रेक्षकांतून आरोळ्या ठोकत यायचा आणि आम्ही मुलं आजीच्या पदरात.

---

दर्यावर्दी | रविवार, दुपारी ३:२२

@माहेरवाशीण, तुमचा राक्षस इथेही आहे! कॉव्हेंट्रीच्या नाटकात बायबलमधल्या क्रूर हेरोद राजासाठी रंगसूचना आहे, "इथे हेरोद रथावर थयथयाट करतो आणि रस्त्यावरही." प्रेक्षकांत घुसायचा तो.

आणि तिसरी_घंटा, तुमचा पूल इथेच आहे बघा. कॉव्हेंट्री शेक्सपिअरच्या गावापासून तीसेक किलोमीटर. तिथली नाटकं १५७९ पर्यंत चालू होती, तेव्हा तो पंधरा वर्षांचा. त्याने ती पाहिलीच असं कागदावर नाही. पण पुढे हॅम्लेट नटांना ओरडू नका म्हणून सांगतो तेव्हा म्हणतो, हेरोदाच्या वरताण हेरोदपणा करू नका. हे लंडनच्या प्रेक्षकाला कळत होतं म्हणजे हेरोद सगळ्यांना माहीत होता.

---

गोधडी | रविवार, संध्याकाळी ६:४८

इतकं सरळ नाही हो. ग्रीक धागा वेगळ्याच वाटेने आला आणि बराचसा नशिबाने. युरिपिडीसने नव्वदेक नाटकं लिहिली, आज अठरा-एकोणीस आहेत. त्यातली नऊ कशी वाचली माहितीये? त्याच्या समग्र वाङ्मयाचा वर्णानुक्रमे लावलेला एक तुकडा कोणाकडे तरी शिल्लक राहिला. म्हणून इ, ई, क वगैरेंची नाटकं हातात आहेत आणि बाकीच्या अक्षरांची गेली. कोणी निवड केली नाही. कपाटाचा एक कप्पा वाचला एवढंच.

१४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या आधी आणि नंतर ग्रीक पंडित आणि हस्तलिखितं इटलीत येत राहिली. व्हेनिसच्या आल्दुस मनुत्सिउसने १५०२ मध्ये सोफोक्लीस छापला, १५०३ मध्ये युरिपिडीस. आणि मग इटालियन लोकांनी ग्रीक नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं.

मी व्हिचेंझाला तेआत्रो ओलिंपिकोत गेले होते. वास्तुकार पॅलाडिओने १५८० मध्ये काम काढलं आणि त्याच वर्षी गेला, स्कामोझ्झीने पुरं केलं. बाहेरून काहीच वाटत नाही, जुनी इमारत. आत शिरलं की समोर दगडी वाटणारी भव्य भिंत (लाकूड आणि गिलावा आहे सगळा), त्यात कमानी, आणि कमानींतून मागे जाणारे रस्ते. रस्ते लांबच लांब दिसतात. बाजूला सरकून पाहिलं तेव्हा कळलं की जमीन चढत जाते, घरं लहान होत जातात, सगळं काही पावलांत संपतं. मागच्या घराशी नट उभा राहिला तर छपराच्या वर त्याचं डोकं निघेल. हे थीब्जचे, म्हणजे ईडिपसच्या शहराचे, रस्ते आहेत, कारण ३ मार्च १५८५ ला उद्घाटन झालं ते ईडिपसनेच. शेवटच्या प्रवेशातला डोळे फोडून घेतलेला ईडिपस केला लुइजी ग्रोतोने. तो कवी खराखुरा आंधळा होता.

नाटकापुरता उभारलेला तो सेट अजून तसाच उभा आहे. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत भरला असता.

---

तिसरी_घंटा | रविवार, संध्याकाळी ७:१०

खरा आंधळा! हे दिग्दर्शकाला सांगायचं नाही असं ठरवतोय. तो काहीही करू शकतो.

---

रंगपट | रविवार, रात्री ९:५५

गोधडीताई, झकास. पण थीब्जमध्ये असा रस्ता नव्हता, ग्रीक रंगमंचावर अशी खोली नव्हती, आणि छपराखाली कोणी ईडिपस केलाच नव्हता. माझं म्हणणं असं की रेनेसाँवाल्यांनी ग्रीक नाटक पुन्हा जन्माला घातलं नाही. त्यांनी ते चुकीचं वाचलं, आणि त्या चुकांतून युरोपचं नाटक निघालं.

ॲरिस्टॉटल म्हणतो की नाटकाला एक सलग कृती हवी. वेळेबद्दल तो जाता जाता एवढंच म्हणतो की शोकांतिका साधारण सूर्याच्या एका फेरीत बसवायचा प्रयत्न करतात. जागेबद्दल काहीच नाही. १५७० मध्ये कास्तेलव्हेत्रो या इटालियन पंडिताने त्याचे कडक नियम केले. एक दिवस, एक जागा, एक कथा. पुढे फ्रेंच नाटककार शंभर वर्षं त्या चौकटीत स्वतःला कोंबत राहिले.

दुसरी चूक तर सोन्यासारखी. फ्लॉरेन्समधल्या काही सरदार-संगीतकार मंडळींची समजूत झाली की ग्रीक शोकांतिका अथपासून इतिपर्यंत गायची असायची. खरं तर वृंद गात-नाचत असे, काही जागी नट गात, बाकी पुष्कळ भाग बोलायचा. यांनी आख्खं नाटक गाऊन केलं. पेरीचं 'दाफ्ने' १५९८, 'एउरिदिचे' १६००, मॉन्टेव्हर्दीचं 'ऑर्फेओ' १६०७. ऑपेरा जन्माला आला तो एका गैरसमजातून.

---

सदाशिवपेठी | रविवार, रात्री १०:१२

संगीत नाटकाच्या भक्तांनी हे वाचू नये. वन्समोअरचा इतिहास अजून कोणीतरी चुकीचा वाचेल.

---

चिंचगूळ | रविवार, रात्री १०:३०

कॉमेदिया देल्लार्तेबद्दल कोणीच नाही लिहिलं? पंडित लोक ग्रीक वाचत होते तेव्हा बाजारात फळी टाकून खरं नाटक चाललं होतं. पाडुआत २५ फेब्रुवारी १५४५ ला आठ जणांनी नोटरीसमोर करार केला की आपण मंडळी काढायची. आजारी पडलेल्याला मंडळीच्या पैशांतून सांभाळायचं, कमाईतून एक घोडा घ्यायचा सामान वाहायला, आणि आपसात पत्ते खेळायचे तर फक्त खाण्याच्या वस्तू लावून. संहिता नाही, फक्त कथेचा आराखडा विंगेत टांगलेला. म्हातारा कंजूष पांतालोने, बडबड्या दोत्तोरे, खादाड नोकर आर्लेकिनो, मुखवटे ठरलेले. बाकी सगळं हजरजबाबी. आपल्या वगातली बतावणी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजवायला नको.

आणि मुख्य म्हणजे बायका! इझाबेला आंद्रेइनी इटली-फ्रान्समध्ये गाजत होती तेव्हा लंडनला ज्युलिएट मिसरूड न फुटलेला पोरगा करत होता. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राने त्यावर नाक मुरडू नये म्हणा.

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ३:१८

ड्युटीवर आहे, धागा पूर्ण वाचला. थोडं अवांतर.

मी कॉलेजात असताना एका एकांकिकेत "महाराज, वादळ शमलं" असं म्हणायच्या जागी "वादळ जमलं" म्हणालो. अजून ग्रुपवर तेच नाव आहे माझं. मला वाटायचं जगात मी एकटाच. मग हेगेलोखोस या ग्रीक नटाबद्दल वाचलं. इ.स.पू. ४०८, युरिपिडीसचं 'ओरेस्टीस', ओळ आहे "लाटांनंतर पुन्हा शांत समुद्र दिसतोय." याचा श्वास चुकला, सूर बदलला, आणि ऐकू गेलं "लाटांनंतर पुन्हा मुंगूस दिसतंय." (मुंगूस नव्हे, त्याच्यासारखाच एक प्राणी. आपल्याकडे मुंगूस चालेल.) अॅरिस्टोफेनीसने तीन वर्षांनी 'फ्रॉग्ज' या विनोदी नाटकात त्यावर टोमणा मारला. अडीच हजार वर्षं झाली, त्या नटाबद्दल जगाला हीच गोष्ट माहीत आहे.

---

ओसरी | सोमवार, सकाळी ७:५०

रात्रपाळी, उतारा म्हणून पोलोसची गोष्ट घ्या. सोफोक्लीसच्या 'इलेक्ट्रा'त नायिका भावाच्या अस्थी समजून कलश हातात घेऊन रडते. पोलोस हा मोठा नट, त्याचा मुलगा नुकताच गेला होता. त्याने थडग्यातून मुलाच्याच अस्थींचा कलश आणला आणि तो घेऊन प्रवेश केला. रोमन लेखक औलुस गेल्लिउस सांगतो की ते रडणं अभिनयातलं नव्हतं.

तिसरी_घंटा, एक शब्दाची खोच. 'शोकांतिका' म्हणून आपण फसतो. 'टॉरिसमधली इफिजेनिया'चा शेवट सुखाचा आहे, 'फिलोक्टिटीस'चाही. ग्रीक शब्दात शेवटाचा काही संबंधच नाही, त्याचा अर्थ 'बोकडाचं गाणं' असा काहीतरी. तेवढी तळटीप द्या.

---

दर्यावर्दी | सोमवार, दुपारी १:००

शेवटचं माझ्याकडून. १५७६ मध्ये जेम्स बर्बेजने लंडनबाहेर शोरडिचला नाट्यगृह बांधलं. मूळचा सुतार. नाव ठेवलं 'द थिएटर', ग्रीकांचा 'बघायची जागा' हा शब्द. पुढे जमीनमालकाशी भाडेपट्ट्यावरून वाजलं, तर १५९८ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, बर्बेजच्या मुलांनी आख्खं नाट्यगृह मोडून लाकूड उचललं आणि टेम्सपलीकडे ग्लोब, म्हणजे शेक्सपिअरचं नाट्यगृह, उभं केलं. रंगपट म्हणतात तसं नाव ग्रीक, पण तुळया यॉर्कच्या रथांच्या जातीच्या.

---

रंगपट | सोमवार, दुपारी १:२०

हे शेवटचं वाक्य मी म्हटलं नव्हतं. पण असू दे माझ्या नावावर.

---

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री ११:४८

सगळ्यांचे आभार. नवीन वाक्य असं केलं : "रोमनंतर मोठी नाट्यगृहं ओस पडली, नाटक सोंगाड्यांकडे, मठांकडे आणि मग खिळेवाल्या-बेकरीवाल्यांकडे गेलं, रेनेसाँच्या पंडितांनी ग्रीक ग्रंथ उघडले तेव्हा रस्त्यावर प्रयोग चालूच होता." दिग्दर्शकाने वाचून फक्त "बरं" म्हटलं. त्याच्याकडून हे खूप आहे.

दोन पानांची मात्र जाहिरातींमुळे पाऊण झाली. सासू गेली, मुंगूस गेलं, खिळेवाले राहिले.

दुसरी बातमी अशी की ग्रोतोची गोष्ट मी बोलून बसलो. काल तालमीत आमच्या ईडिपसच्या डोळ्यांना खरंच पट्टी बांधली. तो तिसऱ्या लेव्हलवरून वृंदाच्या अंगावर आला. त्याला काही झालं नाही, वृंदातल्या एकाचा पाय मुरगळलाय. सोफोक्लीसच्या वृंदात पंधरा जण असत, आमच्याकडे सात होते, आता सहा. शनिवारी मोकळं असलेलं कोणी सातारा परिसरात असेल तर कळवा, संवाद सगळे एकत्रच म्हणायचे आहेत.

---

फुटकळ | मंगळवार, रात्री ११:५१

मी मोकळा आहे. मुखवटा मिळणार असेल तर.